खेळ उत्तम, बांधणी सैल: २०२४-२५ च्या कॉलेज आणि एनबीए हंगामाचे परीक्षण

बास्केटबॉल आता पाहण्यासारखा राहिला नाही, जो तो लांबूनच चेंडू फेकतो, ही तक्रार अमेरिकेत गेली काही वर्षे सतत कानावर पडते, आणि २०२४-२५ च्या हंगामात तर ती फारच उगाळली गेली. इंडियाना राज्यात राहून कॉलेजचा आणि व्यावसायिक (म्हणजे एनबीए लीगचा) असा दोन्ही खेळ मनापासून पाहणारा प्रेक्षक म्हणून माझे मत नेमके उलट आहे. मैदानावरचा खेळ आज अतिशय वरच्या दर्जाचा आहे. दोष आहे तो त्याच्या भोवतीच्या बांधणीत: साखळी सामन्यांच्या बेसुमार संख्येत, शेवटच्या दोन मिनिटांची वीस मिनिटे करणाऱ्या थांब्यांत आणि दरवर्षी मुळापासून बदलणाऱ्या कॉलेज संघांत. जो प्रेक्षक यासाठी तिकिटाचे पैसे मोजतो, वर्गणी भरतो आणि झोपेचा वेळ देतो, त्याला मोबदल्यात नेमके काय मिळते, हे तपासण्यासाठी हे परीक्षण.

आधी थ्री-पॉइंटरच्या, म्हणजे लांबून मारलेल्या तीन गुणांच्या फटक्याच्या, तक्रारीचा निकाल लावू. आकडे तक्रार करणाऱ्यांच्या बाजूचे आहेत, हे मान्यच आहे. या हंगामात एनबीएच्या संघांनी सामन्यामागे सरासरी ३७.६ थ्री-पॉइंटर मारून पाहिले, आणि हा विक्रम आहे. बोस्टन सेल्टिक्सने तर निम्म्याहून अधिक फटके तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारले. पण त्याच बोस्टनचे पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. मे महिन्यात प्ले-ऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या, दुसऱ्या फेरीत न्यूयॉर्क निक्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यात, घरच्या मैदानावर, वीस गुणांची आघाडी असताना हा संघ लांबून मारतच राहिला. ६० प्रयत्नांपैकी ४५ वाया गेले आणि जादा वेळेत १०८-१०५ अशी हार पत्करावी लागली. दुसऱ्या सामन्यातही वीस गुणांची आघाडी अशीच हातची गेली, आणि अखेर गतविजेते ४-२ असे बाहेर पडले. लांबून मारण्याचे गणित चुकीचे नाही, पण तेवढ्या एका गणितावर प्ले-ऑफ जिंकता येत नाहीत, हे या मालिकेने दाखवले. आजार असलाच तर त्याचे औषध खेळातच आहे, आणि त्यासाठी नियम बदलून रेषा पुढेमागे सरकवण्याची मला तरी गरज वाटत नाही.

ते औषध म्हणजे बचाव. हा हंगाम कोणाच्या नावावर लिहायचा असेल, तर तो ओक्लाहोमा सिटी थंडरच्या बचावाच्या. या संघाने ६८ साखळी सामने जिंकले आणि सामन्यामागे सरासरी १२.९ गुणांच्या फरकाचा नवा विक्रम केला. शे गिल्जस-अलेक्झांडर याने सरासरी ३२.७ गुण मिळवून गुणतक्त्यात पहिला क्रमांक, मोसमातील सर्वोत्तम खेळाडूचा किताब आणि अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा किताब, असे तिन्ही मिळवले, म्हणून बातम्यांत त्याचेच नाव आले. माझी नजर मात्र लू डॉर्ट, अ‍ॅलेक्स करूसो आणि केसन वॉलेस या तिघांवर खिळलेली असे. प्रतिस्पर्धी गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणारा खेळाडू, अर्धी रेषा ओलांडतो न ओलांडतो तोच डॉर्ट आपली छाती त्याच्या ड्रिबलच्या वाटेत आणून उभा राहतो. गार्डला चेंडू दुसऱ्या हाताकडे घ्यावा लागतो, आणि त्या क्षणी बाजूला उभा असलेला करूसो आपला खेळाडू सोडून एक पाऊल आत येतो. तो चेंडू हिसकावतोच असे नाही, केवळ हात आडवा धरतो. पण पास अर्धा सेकंद उशिरा निघतो, आणि चोवीस सेकंदांच्या शॉट क्लॉकमध्ये असा अर्धा सेकंद तीन-चार वेळा गेला की फटका वाईटच बसतो. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे धावत असल्याने हे सारे सहज दिसत नाही. एखाद्या सामन्यात एक संपूर्ण क्वार्टर चेंडूकडे न पाहता फक्त करूसोकडे पाहावे, असे मी प्रत्येक नव्या प्रेक्षकाला आग्रहाने सांगतो.

अंतिम मालिकेत त्यांच्यासमोर उभा ठाकला तो इंडियाना पेसर्स, म्हणजे आमचा संघ, आणि इथे माझा पक्षपात उघड आहे. तरीही अंतिम मालिकेचे कौतुक केवळ घरच्या संघासाठी करत नाही. ओक्लाहोमा सिटी आणि इंडियानापोलिस ही दोन्ही लहान बाजारपेठेची शहरे. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसचा संघ नसेल तर अंतिम फेरी कोण पाहणार, असा सूर सुरुवातीला होता. पहिल्याच सामन्यात पेसर्स चौथ्या क्वार्टरमध्ये १५ गुणांनी मागे होते, पूर्वार्धात त्यांनी चेंडू वारंवार गमावला होता, आणि संपूर्ण सामन्यात ते एकदाही आघाडीवर नव्हते. घड्याळात ०.३ सेकंद उरले असताना टायरीस हॅलिबर्टनचा फटका जाळीत पडला आणि १११-११० असा सामना हातात आला. याच वसंतात मिलवॉकी, क्लीव्हलँड आणि न्यूयॉर्कविरुद्धही पेसर्सने हरलेले सामने असेच ओढून आणले होते. त्यामुळे याला योगायोग म्हणणे अन्यायाचे ठरेल. प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी घडवलेला हा संघ चेंडू एका हातात फार वेळ ठेवत नाही, दहा खेळाडू आलटून पालटून पळवतो, आणि चौथ्या क्वार्टरपर्यंत समोरच्याचे पाय जड झालेले असतात. टी. जे. मॅककॉनेल हा राखीव गार्ड तर बास्केट झाल्यावर मागे पळण्याचे नाटक करून पुन्हा वळतो आणि आत फेकला जाणारा सुस्त पास उचलतो. सगळ्यांना ही चाल माहीत असूनही ती पुन्हा पुन्हा साधते, याचे मला अजून नवल वाटते.

सातव्या सामन्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये हॅलिबर्टनच्या उजव्या पायाचा अकिलीस, म्हणजे टाचेमागचा स्नायुबंध, तुटला. मध्यंतराला पेसर्स ४८-४७ असे पुढे होते; तिसऱ्या क्वार्टरमध्ये थंडरने ३४-२० अशी मुसंडी मारली आणि १०३-९१ असे विजेतेपद जिंकले. थंडर हे सात वर्षांतील सातवे वेगळे विजेते आहेत, आणि ही गोष्ट प्रेक्षकाच्या फायद्याची आहे.

आता बांधणीच्या पहिल्या दोषाकडे येतो. याच प्ले-ऑफमध्ये डेमियन लिलार्ड, जेसन टेटम आणि हॅलिबर्टन या तिघांचे अकिलीस तुटले. त्यातला हॅलिबर्टन पोटरीच्या दुखापतीसह खेळत होता. ८२ साखळी सामन्यांमुळेच हे झाले, असे ठामपणे म्हणता येत नाही, पण एवढा पसारा कोणाच्या हिताचा आहे, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी तुम्ही महिनाभर आधी काढलेले तिकीट घेऊन सभागृहात जाता आणि ज्याला पाहायला आलात तो साध्या कपड्यांत बाकावर बसलेला दिसतो. वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळण्याचा नियम लीगने २०२३-२४ पासून आणला, तोही लक्षणावरचा उपचार आहे. माझ्या मते उपाय सरळ आहे: तीस संघांच्या लीगमध्ये प्रत्येकाने उरलेल्या २९ संघांशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळावे, म्हणजे ५८ सामने होतात. लागोपाठच्या दोन रात्री सामना खेळण्याची वेळ मग क्वचितच येईल आणि प्रत्येक तिकिटाला किंमत येईल. २०२५-२६ पासून सुरू झालेला ११ वर्षांचा सुमारे ७६ अब्ज डॉलरचा प्रक्षेपण करार पाहता हे लवकर घडणार नाही, हे मला कळते, पण म्हणून मागणी सोडण्याचे कारण नाही. सामन्याला काही पणाला लागले असेल तर हेच खेळाडू डिसेंबरमध्येही जीव तोडून खेळतात, हे हंगामाच्या मध्येच होणाऱ्या एनबीए कप स्पर्धेने दाखवलेच आहे. लास वेगासमधल्या त्या अंतिम सामन्यात मिलवॉकीने थंडरला ९७-८१ असे रोखले, तेव्हाची चुरस फेब्रुवारीतल्या कितीतरी सामन्यांत औषधालाही सापडली नाही.

कॉलेजच्या खेळात ही अडचण नाही, आणि तिथेच त्याचे सामर्थ्य आहे. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या मार्चमधील स्पर्धेत ६८ संघ, एक हार आणि घरी परत. इतक्या साध्या रचनेमुळे प्रत्येक ताब्याला वजन येते. २०२५ मध्ये चार विभागांतले चारही अग्रमानांकित संघ, म्हणजे फ्लोरिडा, ह्यूस्टन, ड्यूक आणि ऑबर्न, अंतिम चौघांत पोहोचले. असे यापूर्वी फक्त २००८ मध्ये घडले होते. सॅन अँटोनिओतील उपांत्य सामन्यात ह्यूस्टनने ड्यूकविरुद्ध उत्तरार्धातली १४ गुणांची पिछाडी भरून काढली. शेवटच्या मिनिटाच्या सुरुवातीलाही ड्यूक सहा गुणांनी पुढे होता. मग एक थ्री-पॉइंटर, एक चोरलेला पास आणि त्यावरचा डंक (उडी मारून चेंडू वरून कड्यात कोंबणे), आणि जे'वॉन रॉबर्ट्सचे दोन शांत फ्री थ्रो. शेवटचा फटका ड्यूकच्या कूपर फ्लॅगने मारला, अठरा वर्षांच्या, पहिल्याच वर्षात शिकणाऱ्या आणि पुढे एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत डॅलसने पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूने. आणि त्याच्यासमोर हात उंचावून उभा होता तोच रॉबर्ट्स, ह्यूस्टनमध्ये सहावे वर्ष काढणारा. फटका थोडा कमी पडला. ह्यूस्टन ७०-६७.

अंतिम सामना गुणांच्या दृष्टीने रोडावलेला, ६५-६३ असा होता, आणि तरीही मी पाहिलेल्या उत्तम सामन्यांत त्याची गणना करीन. ह्यूस्टन उत्तरार्धात १२ गुणांनी पुढे गेला होता. फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन ज्युनियर, ज्याने उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध ३४ गुण केले होते, त्याला पूर्वार्धात एकही गुण मिळू दिला नव्हता. शेवटच्या ताब्यात दोन गुणांनी मागे असलेल्या ह्यूस्टनचा इमॅन्युएल शार्प थ्री-पॉइंटरसाठी उडाला, आणि त्याच क्षणी क्लेटन धावत त्याच्या अंगावर आला. फटका अडवला जाणार हे हवेतच लक्षात आल्याने शार्पने चेंडू खाली सोडून दिला. आता तोच चेंडू आपण पुन्हा उचलला तर ट्रॅव्हलिंग, म्हणजे नियमभंग, ठरेल, हे त्याला माहीत होते, म्हणून तो चेंडूपाशी उभा राहून दुसऱ्या कोणी तो घ्यावा याची वाट पाहत राहिला. चेंडू टप्पे खात राहिला, फ्लोरिडाच्या अ‍ॅलेक्स कॉन्डनने त्यावर झेप घेतली आणि वेळ संपली. विजेतेपद ठरवणाऱ्या ताब्यात ह्यूस्टनचा एकही फटका बास्केटपर्यंत गेला नाही. रात्रभर डोक्याला हात लावून बसलेला क्लेटन बचावातल्या एका धावेने सामना जिंकून देतो, हे बास्केटबॉल जाणणाऱ्याला कोणत्याही डंकपेक्षा अधिक आनंद देते.

कॉलेजच्या खेळाची शेवटची दोन मिनिटे मात्र सहनशक्तीची परीक्षा पाहतात. प्रत्येक अर्ध्यात सोळा, बारा, आठ आणि चार मिनिटे उरली असता जाहिरातींसाठी थांबे ठरलेलेच आहेत. त्यावर दोन्ही प्रशिक्षकांचे टाइमआउट, मुद्दाम केलेल्या फाउलवरचे फ्री थ्रो, आणि चेंडू कोणाच्या बोटाला शेवटचा लागून बाहेर गेला हे पाहण्यासाठी पंचांचे पडद्यापुढे वाकून उभे राहणे. शेवटच्या दोन मिनिटांत प्रत्येक संघाला एकच टाइमआउट द्यावा, एवढा एक नियम केला तरी हा खेळ पुन्हा श्वास घेऊ लागेल.

याहून अवघड प्रश्न आहे तो संघांच्या स्थैर्याचा. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावाचा आणि प्रतिमेचा मोबदला घेता येतो, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा सर्व खेळ मिळून प्रत्येक विद्यापीठामागे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. या पैशाला माझा काडीचाही विरोध नाही. ज्यांच्या घामावर प्रशिक्षक दरवर्षी लाखो डॉलर मिळवत होते, वाहिन्या अब्जावधींचे करार करत होत्या, त्या मुलांना शिष्यवृत्तीपलीकडे काही द्यायचे नाही, ही व्यवस्था अन्यायाची होती आणि ती मोडली हे चांगले झाले. माझी तक्रार वेगळी आहे. २०२४ पासून खेळाडू कितीही वेळा विद्यापीठ बदलून लगेच खेळू शकतो, आणि त्यामुळे दर एप्रिलमध्ये खेळाडूंची बाजारपेठ भरते. विजेत्या फ्लोरिडाचेच पाहा: क्लेटन आधी आयोनामध्ये, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमध्ये, विल रिचर्ड बेल्मॉन्टमध्ये खेळत होता. तिघेही लहान विद्यापीठांत घडले आणि मोठ्या विद्यापीठासाठी जिंकले. त्यांचा निर्णय त्यांच्या दृष्टीने योग्यच होता, कोणीही तेच केले असते. पण यामुळे लहान विद्यापीठांच्या हाती काय उरते?

उत्तर त्याच स्पर्धेत मिळाले. २०२५ च्या शेवटच्या सोळा संघांत चार बड्या परिषदांबाहेरचा (परिषद म्हणजे आपसांत साखळी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) एकही संघ नव्हता, आणि एकट्या साउथईस्टर्न परिषदेचे सात होते. मॅकनीजने क्लेमसनला आणि ड्रेकने मिझुरीला पहिल्या फेरीत हरवले, असे मोजकेच काय ते लहानांचे पराक्रम. २०१८ मध्ये शेवटच्या, सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीने अग्रमानांकित व्हर्जिनियाला २० गुणांनी लोळवले, २०२२ मध्ये पंधराव्या मानांकनाचा सेंट पीटर्स शेवटच्या आठांत गेला, २०२३ मध्ये फेअरले डिकिन्सनने आमच्या पर्ड्यूला घरी पाठवले (ते मला आवडले नाही, पण त्याची भव्यता नाकारता येत नाही). अशा संघांसाठी तर परका प्रेक्षकही मार्चमध्ये खुर्चीच्या कडेला येतो. खेळाडूने एकदा मोकळेपणाने विद्यापीठ बदलावे, दुसऱ्यांदा बदलल्यास एक हंगाम थांबावे, आणि त्याला घडवणाऱ्या लहान विद्यापीठाला नव्या विद्यापीठाने भरपाई द्यावी, असा नियम व्हावा असे मला वाटते. फुटबॉलमध्ये, म्हणजे जगभर खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलमध्ये, तरुण खेळाडूला घडवणाऱ्या क्लबला अशी भरपाई मिळतेच.

हे का महत्त्वाचे आहे, ते समजण्यासाठी इंडियानापोलिसमधील बटलर विद्यापीठाच्या हिंकल फील्डहाउसमध्ये एकदा जाऊन बसावे. १९२८ साली उघडलेली ही विटांची इमारत सुमारे नऊ हजार प्रेक्षकांची आहे. दोन्ही टोकांना वरपर्यंत उंच खिडक्या आहेत, आणि हिवाळ्यातल्या दुपारच्या सामन्यात त्यांतून येणारे ऊन थेट लाकडी मैदानावर पडते. बाके अरुंद आहेत, गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतात, आणि खाण्याच्या रांगेत मध्यंतर संपून जाते. पण चेंडूचा टप्पा शेवटच्या रांगेतही ऐकू येतो. खेळ चालू असताना ध्वनिक्षेपकावर गाणे वाजत नाही, विद्यार्थ्यांचा बँड फक्त थांब्यांत वाजतो, आणि मधला सगळा आवाज माणसांचा असतो. एनबीएच्या सभागृहात खुर्ची मऊ मिळते, स्वच्छतागृहे भरपूर असतात, पडदा प्रचंड असतो, आणि खेळ चालू असतानाही ध्वनिमुद्रित ढोल व घोषणा डोक्यात घण घालतात. प्ले-ऑफच्या रात्री पेसर्सच्या गेनब्रिज फील्डहाउसमधले लोक स्वतःच इतके ओरडतात की त्या यंत्राची गरज उरत नाही. मग ते इतर दिवशीही बंद का ठेवत नाहीत, हे मला समजत नाही. याच हिंकलच्या बटलरने, तेव्हा लहान परिषदेत असताना, २०१० च्या अंतिम सामन्यात ड्यूकला ६१-५९ पर्यंत झुंजवले होते. गॉर्डन हेवर्डने अर्ध्या मैदानावरून टाकलेला चेंडू कड्याला लागून बाहेर पडला. आजच्या नियमांत हेवर्ड दुसऱ्या वर्षी बटलरमध्ये राहिला असता का, याची मला शंका वाटते.

महिलांचा कॉलेज खेळ सध्या पाहण्याच्या दृष्टीने पुरुषांच्या खेळापेक्षा काही बाबतीत सरस आहे, आणि हे मी विचारपूर्वक लिहितो. सामना दहा मिनिटांच्या चार क्वार्टरमध्ये विभागलेला असल्याने फाउलचा हिशेब दर क्वार्टरला नव्याने सुरू होतो आणि खेळ कमी अडखळतो. खेळाडू सहसा तीन-चार वर्षे कॉलेजमध्ये राहतात, त्यामुळे त्यांची ओळख होते, वाढ दिसते. पेज बेकर्स गुडघ्याच्या दुखापतीने एक अख्खा हंगाम बाहेर बसली होती. २०२५ मध्ये तिच्या कनेक्टिकटने साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असे हरवून बारावे विजेतेपद मिळवले, तेव्हा तिला ओळखणाऱ्या प्रेक्षकांना तो विजय आपला वाटला. २०२४ मध्ये केटलिन क्लार्कच्या आयोवाचा अंतिम सामना अमेरिकेत पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा अधिक लोकांनी पाहिला, त्यामागेही हीच चार वर्षांची ओळख होती.

महाराष्ट्रातून पाहणाऱ्यांसाठी शेवटी थोडे व्यवहाराचे. एनबीएचा आणि आपला थेट संबंध नवा नाही: ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांच्यात भारतातले पहिले एनबीए सामने झाले, आणि किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले. पेसर्सने ते दोन्ही सामने जिंकले होते, पहिला तर जादा वेळेत १३२-१३१ असा. साखळी फेरीतले पूर्व किनाऱ्यावरचे सामने हिवाळ्यात भारतीय वेळेनुसार साधारण पहाटे साडेपाचला आणि पश्चिम किनाऱ्यावरचे सकाळी साडेआठला सुरू होतात, तर अंतिम मालिकेचे बहुतेक सामने सकाळी सहाच्या सुमारास. एनबीएचा लीग पास, म्हणजे सामने पाहण्याची वर्गणी, भारतातही मिळतो, पण वर्षभराचे पैसे भरण्याआधी आपण किती सामने खरोखर पाहणार, याचा हिशेब करावा. माझा सल्ला असा, की डिसेंबरपर्यंत कपचे सामने पाहावेत, जानेवारी-फेब्रुवारीत सामन्यांचे संक्षिप्त चित्रण पुरेसे आहे, मार्चमधले शेवटचे दोन आठवडे कॉलेजसाठी राखून ठेवावेत, आणि एप्रिलच्या मध्यापासून प्ले-ऑफ सुरू झाले की सकाळचा गजर लावावा. दर्जासाठी मी एनबीएच्या प्ले-ऑफला पाचपैकी पाच तारे देतो आणि साखळी फेरीला अडीच. एनसीएएच्या स्पर्धेला साडेचार, त्यातला अर्धा तारा शेवटच्या दोन मिनिटांसाठी कापलेला. महिलांच्या स्पर्धेलाही साडेचार. विद्यापीठ बदलण्याच्या सध्याच्या नियमांना एकच तारा, आणि तोही केवळ खेळाडूला आपल्या भवितव्याचा निर्णय घेण्याचा हक्क मिळाला म्हणून.